सह्याद्रीवाल्यांनी नॉर्वेची शिखरं कशी करायची: योटुनहाइमेनची सगळी जुळवाजुळव

कळसूबाई झाली, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झाला, कलावंतीणच्या पायऱ्यांवर फोटो काढून झाले, आणि आता ग्रुपवर कोणीतरी नॉर्वेचं रील टाकलंय ज्यात दोन तळ्यांच्या मधून एक चिंचोळी धार वर चढत जाते, एका हाताला खोल खाली हिरवंगार पाणी आणि दुसऱ्या हाताला निळं. ती धार म्हणजे बेस्सेगेन. रील बघून ठाण्या-नवी मुंबईतल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, "आपल्याला झेपेल का?" झेपेल. रविवारी दहा-बारा तास ट्रेक करून सोमवारी सकाळी नेहमीच्या लोकलला लोंबकळत ऑफिस गाठणाऱ्या माणसाचे पाय तिथे कमी पडत नाहीत. अडतं ते भलतीकडेच.

आपली सवय कशी, शुक्रवारी रात्री तीन हात नाक्यावरून नाहीतर वाशीवरून बस निघते, किल्ला ठरलेला, तारीख ठरलेली, पैसे भरलेले, मग पाऊस येवो की धुकं, माथा गाठायचाच. पुढे लीडर, मागे स्वीपर, वाटेत लिंबू सरबत घेऊन बसलेले मामा, खाली गावात पिठलं-भाकरी तयार. नॉर्वेत यातलं काहीच नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे शिखर ठरवून दिवस पक्का करायचा नसतो, दिवस बघून शिखर ठरवायचं असतं. डोंगरात सात दिवस असतील तर त्यातले दोन-तीन दिवस पूर्ण मोकळे, कोरे ठेवा. लोक काय करतात, सुट्टी मोजकी म्हणून सोमवारी हे शिखर, मंगळवारी ते, बुधवारी बस, असं एक्सेल करून नेतात आणि मग नेमका मंगळवारी ढग बसतो आणि एक्सेलपायी भलत्या वाऱ्यात धारेवर जातात. तसं करू नका. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरतं.

जागा कुठली निवडायची? स्कँडिनेव्हियात डोंगर भरपूर, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून दक्षिण नॉर्वेतलं योटुनहाइमेन घ्यावं. स्वीडनचं केब्नेकाइसे पण भारी आहे पण ते पार आर्क्टिक सर्कलच्या वर, तिथे पोचण्यातच दिवस जातात. योटुनहाइमेनला ऑस्लोहून सकाळी निघालात तर त्याच दिवशी डोंगराच्या पायथ्याशी असता. १९८० पासून हे नॅशनल पार्क आहे, दोन हजार मीटरच्या वरची दोनशेहून जास्त शिखरं या भागात आहेत, आणि गाल्हॉपिगेन, २४६९ मीटर, हे अख्ख्या उत्तर युरोपातलं सगळ्यात उंच शिखर इथेच. हिमालयवाले मित्र म्हणतील २४६९ म्हणजे काय, मनालीच्या थोडं वर. बरोबर, आणि त्यामुळे हाय अल्टिट्यूडचा त्रास होत नाही हा फायदाच आहे. पण हे सगळं साडेएकसष्ट अंश उत्तरेला आहे, झाडं हजार-अकराशे मीटरवरच संपतात, त्यानंतर नुसता दगड, शेवाळ, बर्फाचे पट्टे आणि वारा. आडोसा नावाची गोष्ट नाही.

सीझन जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. जून महिना टाळा, बर्फ बराच शिल्लक असतो आणि ओढे फुगलेले असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला रंग सुंदर होतात, गर्दी कमी होते, पण थंडी वाढते, दिवस आखडतो आणि महिन्याच्या मध्यापर्यंत बरेचसे हट, म्हणजे डोंगरातली मुक्कामाची घरं, बंद होतात. आपल्या सोयीचं म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा, पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून घेता येते आणि गणपतीच्या आत घरी. जुलैत तिथे रात्री धड अंधारच होत नाही. हे कामाचं आहे कारण उशीर झाला तरी टॉर्च लावून उतरायची वेळ येत नाही, पण याच कारणाने लोक आरामात अकरा वाजता निघतात आणि मग दमलेल्या पायांनी रात्री दहाला दगडांतून उतरत बसतात. आठच्या आत निघायचंच.

आता शिखरं. चार नावं डोक्यात ठेवा, सोप्यापासून अवघडपर्यंत, आणि हवामान बघून त्यातलं त्या दिवशीचं निवडा.

पहिलं बिटीहॉर्न, बाइतोस्तोलेन गावाजवळ, १६०७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम ३९ मीटरने बुटकं. रस्त्यावरून चढाई सुरू होते, अर्ध्या दिवसात वर जाऊन परत. पोचल्यावरच्या पहिल्या दिवशी हे करा, बूट, जॅकेट, गुडघे सगळ्याची परीक्षा होऊन जाते आणि काही चुकलं असेल तर गावात दुकानं आहेत.

मग बेस्सेगेन. याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यांना हेच करायचं असतं. येंदे नावाचा लांबलचक तलाव आहे, ९८४ मीटरवर, त्याच्या पूर्व टोकाला येंदेसहाइम हा हट. सकाळच्या पहिल्या बोटीने मेमुरुबू या तलावाकाठच्याच दुसऱ्या हटला जायचं आणि तिथून डोंगरावरून चालत परत येंदेसहाइमला यायचं. उलटं पण करता येतं, आधी चालून मग बोटीने परत, पण उलटं करू नका, कारण मग दिवसभर शेवटच्या बोटीची टांगती तलवार आणि ती धार उतरावी लागते, जी चढण्यापेक्षा अवघड. बोटीचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, ऑगस्टमध्ये सकाळच्या बोटी भरून जातात.

मेमुरुबूहून सुरुवातीलाच सणसणीत चढ आहे, तिथे जोर दाखवणारे पुढे धापा टाकतात. मग बराच वेळ पठार, छोटी तळी, वर-खाली. मग वाट बेस्सवात्नेत तलावाच्या काठाशी येते, हा तलाव १३७३ मीटरवर, म्हणजे येंदेपेक्षा जवळजवळ चारशे मीटर उंच, आणि दोघांच्या मध्ये नुसती दगडाची चिंचोळी भिंत. येंदेचं पाणी हिरवं का तर हिमनद्या खडक दळून त्याची पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात सोडतात आणि ती खाली न बसता तरंगत राहते. वरच्या बेस्सवात्नेतला हिमनदीचं ते पाणी मिळत नाही, म्हणून ते निळं. फोटोत फिल्टर वाटतो, तो फिल्टर नाहीये.

इथे पोटभर खा, पाणी प्या, काठ्या घडी करून सॅकला लावा, कारण पुढे हात लागतात. धार लांबून बघितली की पोटात गोळा येतो, प्रत्यक्षात ती रीलमध्ये दिसते त्यापेक्षा रुंद आहे. कलावंतीणच्या पायऱ्या निर्धास्त चढणाऱ्याला किंवा नळीच्या वाटेने कोकणकड्यावर आलेल्याला ही अवघड नाही, दगड घट्ट आहेत, पकडायला भरपूर आहे. सह्याद्रीवाला इथे युरोपियन लोकांपेक्षा सहज चढतो, हे खरंच. पण ओली असेल किंवा जोराचा वारा असेल तर तीच धार वेगळी. वर व्हेस्लेफियेल्लेतला १७४३ मीटरला चढ संपतो, आणि तिथून येंदेसहाइमपर्यंत न संपणारी उतरण. सगळं मिळून चौदा किलोमीटरच्या आसपास, सहा ते आठ तास चाल, आपण फोटो काढत जाणार म्हणून नऊ धरा.

तिसरं गाल्हॉपिगेन. दोन बाजूंनी जाता येतं आणि यात गल्लत करू नका. युवास्सहिट्टा १८४१ मीटरवर आहे, तिथपर्यंत गाडी जाते, म्हणजे चढायचे फक्त सव्वासहाशे मीटर, पण मध्ये स्टिगेब्रेन ही हिमनदी ओलांडावी लागते. बर्फाखाली भेगा लपलेल्या असतात, त्यामुळे तिथे गाइडबरोबर दोरीला बांधूनच जायचं. सीझनमध्ये रोज ग्रुप निघतात, आधी बुक करा. "पुढच्याच्या पावलांवर पाऊल टाकत जाऊ" हा आपला जुगाड इथे अजिबात नको. दुसरी बाजू स्पितेरस्तुलेनची, साधारण अकराशे मीटरवरून. हिमनदी नाही, गाइड लागत नाही, पण चढाई तेराशे-चौदाशे मीटर, म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढण्याच्या जवळपास दीडपट, आणि अर्ध्याहून जास्त मोठमोठ्या दगडांच्या राशीतून आणि बर्फाच्या पट्ट्यांवरून. वाटेत आधी स्वेल्नोसे आणि मग कायल्हाउस टॉप्प येतं, दोन्ही वेळा वाटतं आलं शिखर, आणि दोन्ही वेळा पुढे अजून एक दिसतं. हे आधी माहीत असलेलं बरं. माथ्यावर छोटंसं हट आहे, सीझनमध्ये गरम काहीतरी मिळतं. मला विचाराल तर पाय चांगले असतील तर स्पितेरस्तुलेनच घ्या, हिमनदीचा अनुभव हवा असेल तर युवास्सहिट्टा.

चौथं ग्लिटरटिंड. माथ्यावर बर्फाची टोपी, एकेकाळी ती टोपी धरून याची उंची गाल्हॉपिगेनपेक्षा जास्त भरायची, आता बर्फ वितळून मागे पडलंय. ग्लिटरहाइम हटपासून खुणा केलेली वाट आहे. एकच गोष्ट, माथ्यावर बर्फ कड्याच्या बाहेर छज्जासारखा लोंबतो, वरून कळत नाही की पायाखाली डोंगर आहे की नुसता बर्फ. सेल्फीसाठी कडेला सरकायचं नाही. स्टोरे स्कागास्टोल्सटिंड हे नाव पण ऐकाल, २४०५ मीटर, ते दोरीने क्लाइंबिंग करणाऱ्यांचं आहे, ट्रेकरचं नाही.

तयारी इथेच करायची आणि त्याला जिम लागत नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहत असाल तर जिना आहेच, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून आठ-दहा किलो करा आणि चढा, उतरतानाही जिन्यानेच उतरा, लिफ्टने नाही, कारण तिथे मांड्या उतरताना भरतात. नवी मुंबईवाल्यांना पारसिक हिल आणि खारघर हिल आहे, ठाणेकरांना उपवनहून येऊर. महिन्यातून दोनदा मोठा ट्रेक, आसनगावहून माहुली फारच चांगला, दमवतो. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस चाला, शनिवारी पेब आणि रविवारी पुन्हा काहीतरी, कारण तिथे दुसऱ्या दिवशीच्या आखडलेल्या पायांनीच चालायचं असतं. आणि आपला पावसाळा फुकट घालवू नका. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर जूनच्या धो धो पावसात राजमाचीला तेच जॅकेट, तेच बूट, तेच सॅक-कव्हर घालून जा. कुठून पाणी आत शिरतं ते इथे कळू दे.

फक्त लक्षात ठेवा, इथे भिजलात तर गारवा वाटतो, तिथे भिजलात तर थंडीने हात काम करेनासे होतात, झिप लागत नाही. म्हणून कपडे. कॉटनचा टी-शर्ट, जीन्स, ट्रॅकपँट सगळं घरी. अंगाला चिकटून लोकरीचं पातळ थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, आणि पँटसुद्धा वॉटरप्रूफ. लोक जॅकेटवर पंधरा हजार घालतात आणि रेनपँट विसरतात. आपलं पोंचो तिथे पतंगासारखं उडतं. टोपी, हातमोजे, बफ (गळ्या-तोंडावर ओढायची कापडी नळी) जुलैतसुद्धा सॅकमध्ये. डेकॅथलॉनमध्ये बहुतेक सगळं मिळतं, भारी ब्रँडच पाहिजे असं काही नाही. बुटांचं मात्र वेगळं. अॅक्शनचे ट्रेकिंग शूज सह्याद्रीच्या कातळावर एक नंबर, पण तिथे दलदल, ओढे आणि बर्फ, त्यामुळे घोटा झाकणारे वॉटरप्रूफ बूट घ्या आणि किमान दोन-तीन महिने आधी घ्या, नवे कोरे बूट विमानातून नेणं म्हणजे फोडांना आमंत्रण. गॉगल आणि सनस्क्रीन पण, बर्फावरून ऊन परत येतं आणि नाकाची सालं निघतात.

खाण्याचा विषय आपल्याकडे सगळ्यात आधी निघतो म्हणून सांगतो. थेपले, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, उपम्याची पाकिटं न्या. पण नॉर्वेत युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, पनीर राहू द्या. आणि बटाटे! बटाटे न्यायलासुद्धा बंदी आहे, तिथे जाऊन वडे तळायचा कोणाचा प्लॅन असेल तर रद्द. स्टोव्ह वापरणार असाल तर गॅसचं कॅनिस्टर विमानात चालत नाही, ऑस्लोत विकत घ्या. पाण्याची मात्र चैन आहे, वरचे वाहते ओढे थेट पिता येतात, एक लिटरची बाटली पुरते. फक्त हिमनदीतून येणारं दुधाळ पाणी आणि जिथे वर मेंढ्या चरतायत तिथलं टाळा.

राहायचं हटमध्ये. डीएनटी म्हणजे नॉर्वेची ट्रेकिंग संस्था, १८६८ पासूनची, त्यांचे देशभर हट आहेत. मेंबरशिप परदेशी माणसालाही ऑनलाइन घेता येते आणि तीन-चार रात्री राहणार असाल तर सवलतीत वसूल होते. हट तीन प्रकारचे. स्टाफवाले, ज्यात जेवण मिळतं, येंदेसहाइम, येंदेबू, ग्लिटरहाइम हे त्यातले. दुसरे सेल्फ-सर्व्हिस, ज्यात कोणी नसतं पण कोठीत टिनचं खाणं, पास्ता, ओट्स भरून ठेवलेले असतात, तुम्ही काय घेतलं ते लिहायचं आणि पैसे भरायचे, कोणी तपासत नाही. तिसऱ्यात नुसतं छप्पर, बिछाना आणि चूल, खाणं आपलं आपण. मेमुरुबू आणि स्पितेरस्तुलेन खाजगी आहेत पण पद्धत तीच.

हटचे काही नियम कोणी सांगत नाही आणि मग आपण ऑकवर्ड होतो. बूट दारातच काढायचे, आत घालायला हलक्या सपाता न्या. पलंगावर ब्लँकेट असतं पण चादरीची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग लायनर, आपली आपण आणायची. ओले कपडे ड्राइंग रूममध्ये, म्हणजे कपडे वाळवायच्या खोलीत, टांगा, सकाळी कडकडीत वाळलेले मिळतात, त्या खोलीचा वास मात्र विचारू नका. जेवण ठरलेल्या वेळेला, सगळे एकत्र, उशिरा गेलात तर नाही मिळत. व्हेज असाल तर बुकिंग करतानाच लिहा, अंडं चालतं का तेही लिहा. सकाळच्या बुफेमधून दुपारचं सँडविच बांधून घ्यायची तिथे पद्धतच आहे, थर्मासही भरून मिळतो, पण त्याचे वेगळे पैसे असतात, गुपचूप टिश्यूत गुंडाळू नका राव, आपल्या सगळ्यांचं नाव जातं.

तंबूवाल्यांसाठी तर नॉर्वे स्वर्ग. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही फिरायचा आणि तंबू टाकायचा हक्क दिलाय, जवळच्या घरापासून किंवा हटपासून १५० मीटर लांब राहायचं, कचरा एक कण मागे ठेवायचा नाही. जंगलात आणि जंगलाजवळ १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर शेकोटीला बंदी. कॅम्पफायर आणि स्पीकर, दोन्ही घरी ठेवून या.

आता प्रत्यक्ष वाटेवर. दगडांच्या ढिगांवर लाल रंगात इंग्रजी टी अक्षर रंगवलेलं असतं, तीच वाट. आपल्याकडचे बाण जसे कधी असतात कधी नसतात तसं नाही, टी नियमित येतो. धुकं आलं तर एक शिस्त पाळा: पुढचा टी दिसल्याशिवाय हातातला टी सोडायचा नाही. दोघं असाल तर एकाने टीपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने आवाजाच्या टप्प्यात पुढे जाऊन शोधायचं, सापडला की हाक. वेळ लागतो, पण चुकत नाही. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि सॅकमध्ये कागदी नकाशा, १:५०,०००चा, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि दर २० मीटर उंचीला एक रेघ. रेघा चिकटलेल्या दिसल्या की चढ खडा. थंडीत बॅटरी पटकन बसते, फोन आतल्या खिशात ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे दगडांच्या राशी. पाणी फटीत गोठून खडक फोडतं आणि अख्खा उतार फ्रिज-टीव्हीच्या आकाराच्या धोंड्यांनी भरलेला असतो. सह्याद्रीत आपण मातीच्या पायवाटेवर पळतो, इथे तासाला दीड किलोमीटर झालं तरी खूप. पाऊल दगडाच्या मधोमध ठेवा, कडेवर नाही, आणि वजन टाकण्याआधी किंचित दाबून बघा. डुगडुगला तर तिथे थांबू नका, पुढच्यावर जा. दोन दगडांच्या फटीत काठी घालू नका, अडकून मोडते. काळं-हिरवं शेवाळ ओलं असेल तर ते साबणच समजा.

बर्फाचा पट्टा सकाळी कडक असतो, दुपारी मऊ. चढताना बुटाचं टोक मारून पायरी करा, उतरताना टाच रोवा. खाली धोंडे किंवा तळं असेल आणि पट्टा तिरका असेल तर वळसा घालून जा, वेळ गेला तरी चालेल. पट्ट्याच्या कडेला, जिथे दगड बर्फातून डोकावतो, तिथे बर्फ आतून पोकळ असतो आणि पाय मांडीपर्यंत जातो, तिथून लांब पाऊल टाका. हिमनदीचे ओढे सकाळी कमी आणि दुपारी जास्त असतात, कारण दिवसभर बर्फ वितळतो. म्हणून सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना तसाच मिळेल असं धरू नका. काही पूल फक्त उन्हाळ्यापुरते लावतात, ते लागलेत का हे आदल्या रात्री हटमध्ये विचारा.

आणि हटमध्ये विचारणं हाच खरा फोरकास्ट. तरी रोज संध्याकाळी यर बघा, नॉर्वेच्या हवामान खात्याचं अॅप, त्यात शहराचं नाही, शिखराचं नाव टाकून बघता येतं. पावसाचा आकडा सगळे बघतात, वाऱ्याचा कोणी बघत नाही, आणि बघितला तरी आपण फसतो कारण तो मीटर पर सेकंदमध्ये असतो. १० लिहिलेलं बघून वाटतं किरकोळ आहे. साडेतीनने गुणा, थोडं जास्तच, तासाला ३६ किलोमीटर झाले. धारेवर एवढ्या वाऱ्यात चालता येतं पण मजा संपते, आणि १५ दिसलं, म्हणजे ५४ किलोमीटर, तर बेस्सेगेन त्या दिवशी रद्द, खालच्या दरीत फिरा, तलावाच्या काठाने चाला, लोम गावाला जाऊन बाराव्या शतकातलं लाकडी चर्च बघा आणि तिथल्या बेकरीत सिनॅमन बन खा. कोरे ठेवलेले दिवस यासाठीच. तापमानाचं साधं गणित, हजार मीटर वर गेलात की साडेसहा अंश कमी, म्हणजे तलावाकाठी बारा असेल तर गाल्हॉपिगेनवर दोन-तीन, आणि वाऱ्यात ते उण्यात गेल्यासारखं लागतं.

नॉर्वेत डोंगरात जायचे नऊ नियम आहेत, १९५० च्या दशकापासून चालत आलेले, शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. त्यातला आठवा म्हणतो वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. आपल्या ग्रुपमध्ये हे अवघड जातं, कारण कोणीतरी म्हणतोच, "एवढे पैसे खर्च करून आलोय, आता काय परत?" म्हणून हे वर उभं राहून ठरवू नका, आदल्या रात्री हटमध्ये जेवताना ठरवा. मागे फिरायची वेळ, समजा दुपारी दोन, आणि मागे फिरायची जागा. दोन वाजता तुम्ही जिथे असाल तिथून खाली. आणि ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवा, मागे नाही, मागे राहिला की त्याला विश्रांतीच मिळत नाही, तो पोचतो तेव्हा बाकीचे निघालेले असतात.

इमर्जन्सीला ११२ पोलीस, ११३ अँब्युलन्स. डोंगरातून शोधून खाली आणायचे पैसे तिथे घेत नाहीत, पण नंतरच्या हॉस्पिटलचं बिल तुमचंच असतं. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतोच, तो घेताना पॉलिसीत ट्रेकिंग कव्हर आहे ना हे शब्द न शब्द वाचा, नाहीतर एजंट "हो हो, सगळं कव्हर आहे" म्हणतो. रेंज सगळीकडे नसते, म्हणून निघताना कुठून कुठे जाताय ते हटमध्ये सांगून निघा.

जायचं कसं तर ऑस्लोहून उन्हाळ्यात येंदेसहाइमला बस असते. गाल्हॉपिगेनच्या बाजूला जायचं तर ट्रेनने ओत्ता, तिथून बसने लोम. चौघं असाल तर गाडी भाड्याने घेणं परवडतं आणि हवामान बघून दरी बदलता येते, हा मोठा फायदा. ५५ नंबरचा सोग्नेफियेलचा रस्ता १४३४ मीटरवरून जातो, पावसाच्या दिवशी तो नुसता गाडीतून बघितला तरी वसूल. कॅश लागत नाही, कार्ड सगळीकडे चालतं.

कामांचा क्रम असा लावा. हटचं आणि बोटीचं बुकिंग जानेवारी-फेब्रुवारीपासून बघायला लागा, ऑगस्टचे वीकेंड आधी जातात, त्यामुळे येंदेसहाइमची रात्र शक्यतो मंगळवार-बुधवारची घ्या. शक्य तिथे रद्द करता येईल असं बुकिंग करा, थोडं महाग पडलं तरी, कारण दिवस हलवायचे आहेत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, अपॉइंटमेंट मेच्या सुट्ट्यांच्या गर्दीत अडकते म्हणून मार्चमध्येच घेऊन टाका. बँक स्टेटमेंट, ऑफिसचं लीव्ह लेटर, हटची बुकिंग सगळं एकाच तारखांचं असू दे. आणि परतीचं विमान डोंगरातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं घेऊ नका, मध्ये एक दिवस ऑस्लोत ठेवा, शेवटच्या दिवशी हवा उघडली आणि राहिलेलं शिखर करता आलं तर तो दिवस तिकडे सरकवता येतो.